शेरकुंभ्याच्या घंटेचा तिसरा पदर

शेरकुंभे गावाबाहेरच्या माळावर दगडी ख्रिस्तमंदिर आहे. त्याची घंटा मनोऱ्यात नाही. देवळापुढच्या अंगणात दोन शिळा उभ्या रोवल्या आहेत, त्यांच्यावर आडवं लाकूड, आणि त्या लाकडाला घंटा. पाहुणे आधी तिच्याकडे जातात, कौतुकाने दोर हातात धरतात आणि लगेच सोडतात. दोर तीन पदरांचा आहे. दोन पदर मऊ, पांढरे, रेशमासारखे उतरलेले. तिसरा हिरवट, राठ, काडीसारखा ताठ. तो तळव्याला टोचतो आणि मागाहून बराच वेळ खाज सुटते.

एवढ्या देखण्या दोरात हा असला पदर कशाला, असं पाहुणे विचारतात. देवळाची देखभाल करणारे शांतवनबाबा आढाव त्यांना पायरीवर बसवतात, चहा सांगतात आणि म्हणतात, "तो पदर आम्ही मुद्दाम घालतो. पहिल्यांदा मात्र तो एका पोराच्या चुकीनं आला."

मग ते सांगू लागतात.

आपल्याकडे एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की वर्षभर त्या घरात सण होत नाही. चुलीवर कढई चढत नाही, दाराला तोरण लागत नाही. शेजारी ताट झाकून आणतात, तेवढंच काय ते गोडधोड. शेरकुंभ्याच्या मंडळींनी येशूचं नाव घेतलं तेव्हा जुने सण सोडले, पण ही रीत काही सुटली नाही. ती त्यांच्या मागोमाग देवळातही आली. ज्या घरी दुखवटा, त्या घरी नाताळ नाही, असं ठरूनच गेलं होतं म्हणे.

तेव्हा देऊळ मातीच्या भिंतींचं होतं. मंडळी दोर वळणारी. माळावरचा घायपात कापायचा, पानं ओढ्याच्या डोहात कुजत घालायची, मग बडवून, धुऊन, वाळवून त्यांचा वाख, म्हणजे आतले तंतू, काढायचा, आणि त्या वाखाचे कासरे, दावी, मोटेचे नाडे वळायचे, हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. घंटेचा दोर दर नाताळला नवा व्हायचा. प्रत्येक घराने आपला वाख आणायचा आणि मल्हारीबाबांनी तो निवडून तिन्ही पदरांत घालायचा. मल्हारीबाबा हे मंडळीचे पंच. त्यांच्या हातचा नाडा ओढून ओढून बैल म्हातारे होत, नाडा होत नसे, असं सांगतात.

नाताळच्या पहाटे मंडळी भजन म्हणत घरोघर जायची आणि शेवटी देवळापाशी येऊन घंटा वाजवायची. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं त्या आवाजावरच निघत. घंटा ऐकू आली की येशू जन्मला. तोवर कोणी दारातून पाऊल काढत नसे.

या मंडळीत केरू नावाचा एक दोर वळणारा होता. त्याची बायको लवकर गेली. मागे मुलगी सगुणा आणि धाकटा दानिएल. दानिएलला सगळे दान्या म्हणत. त्याला सगुणानेच वाढवलं. शाळेत घातला तर त्याने जेमतेम अक्षरं गिरवली आणि एक दिवस पाटी तिथेच ठेवून घरी आला. पोरगा मनाचा साधा, पण उतावळा. आधी हात चालायचा, मग डोकं.

त्या घरचा नाताळ म्हणजे सगुणाच. थंडी पडली की ती घायपात भिजत घालायची आणि नाताळ जवळ आला की तिघं अंगणात वाख वळायला बसत. वळता वळता ती जन्माची गोष्ट सांगायची. मरिया गाढवावर बसली, योसेफाने पुढे होऊन दावं धरलं, इथवर आली की थांबायची.

"ते दावं कुणी वळलं असंल रं, दान्या?"

"आपल्या आज्ज्यानं."

"मग तू बी नीट वळ. पुन्यांदा लागलं तर?"

दान्या मोठा झाला, मिसरूड फुटलं, तरी हा प्रश्न आणि हे उत्तर चुकलं नाही. नाताळच्या पहाटे सगुणा उठून पहिली पणती शेळीच्या खुंट्यापाशी लावायची आणि पहिली करंजीही शेळीलाच द्यायची. केरू कुरकुरायचा. तिचं म्हणणं असं की देवाच्या लेकराला माणसांनी जागा दिली नाही, जनावरांनी दिली. तेव्हा आधी मान त्यांचा. एवढं झालं की तिघं गुडघे टेकायची, सगुणा प्रार्थना करायची, आणि मग दारात भजन यायचं.

त्या वर्षी कार्तिकात सगुणा तापाने पडली. पडल्या पडल्याही तिने दान्याला विचारलं, पानं भिजत घातलीस का. त्याने नव्हती घातली. तो धावत गेला, हाताला लागला तो घायपात कापला आणि डोहात दगडाखाली दाबून आला. दोनतीन दिवसांनी सगुणा गेली.

मातीवरून परतल्यावर बायका केरूपाशी बसल्या. दान्या बसला नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घुसली होती, की तिची पानं तिकडे एकटी पाण्यात पडली आहेत. तो उठला, तडक ओढ्यावर गेला आणि दगड बाजूला सारून सगळी पानं बाहेर ओढली. पानं कुजायला अजून कितीतरी दिवस हवे होते. दोर वळणाऱ्याचं लहान लेकरूही हे सांगेल. पण त्याने ती खडकावर टाकली आणि बडवायला लागला. हिरवा गर हातावर उडाला, तळवे लाल झाले, खाजेने आग झाली. तो थांबला नाही. तिथेच, ओल्या अंगाने, तो देवाला बोलला म्हणे: अक्काचा नाताळ मी बंद पडू देणार नाही. तुला काय करायचं ते कर.

आता हा नवस म्हणायचा की भांडण, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

घरी आल्यावर पाहतो तर केरूने पणत्या पालथ्या घातल्या होत्या. दिवस जात राहिले, नाताळ आठवड्यावर आला. दान्याने करंज्यांचा विषय काढला. केरू म्हणाला, पोरीच्या मागं मी कढई ठेवू का चुलीवर? आणि भिंतीकडे तोंड करून बसला. दान्याला त्याच्याशी भांडता येईना. बापाचं दुःख आणि त्याचं दुःख एकच होतं, पण बापाचं गप्प बसवत होतं आणि त्याचं बसू देत नव्हतं.

वाख गोळा करण्याचा दिवस आला. देवळापुढे मंडळी जमली. प्रत्येकाने आपापली पांढरी जुडी मल्हारीबाबांपुढे ठेवली. दान्यानेही ठेवली. मल्हारीबाबांनी ती उचलली, अंगठ्याखाली चुरडली. वाख काडीसारखा ताठ, मोडेना की वाकेना, आणि त्याला अजून हिरवी साल चिकटलेली. त्यांनी जुडी त्याच्या हातात परत दिली.

"दान्या, तुझ्या वाखाला अजून साल हाय, आन् तुझ्या घराला दुखवटा. दोन्ही वाळू दे. म्होरल्या साली घिऊ."

ते रागाने बोलले नव्हते. समजुतीनेच बोलले होते, आणि तेच दान्याला लागलं. तो जुडी काखेत मारून घरी आला आणि एकटाच वळत बसला. हिरवा वाख पीळ घेईना. त्याने पाण्याचा हात लावून, दातांनी धरून, पायाच्या अंगठ्यात अडकवून एक पदर वळला. ओबडधोबड, पण लांबी पुरी.

नाताळची पहाट झाली. केरू तसाच भिंतीकडे तोंड करून पडलेला. दान्याने एक पणती उलथून सरळ केली, तेल घातलं आणि शेळीच्या खुंट्यापाशी लावली. करंजी नव्हती, म्हणून भाकरीचा तुकडा दिला. गुडघे टेकले. पण प्रार्थना सगुणा करायची. त्याला शब्द येईनात. तो तसाच बसून राहिला आणि कान दाराकडे लावले.

भजन जवळ येत होतं. ढोलकी, टाळ, आणि सगळ्यांच्या वर सोनामावशीचा खडा आवाज. शेजारच्या दारात आख्खं पद झालं. मग ढोलकी थांबली. टाळ थांबले. केरूच्या दारावरून नुसती पावलं गेली. दुखवट्याच्या घरावरून असंच जायचं असतं. पुढच्या दारात पोचल्यावर भजन पुन्हा सुरू झालं.

त्या गप्प पावलांनी दान्याचं डोकं फिरलं. त्याने आपला पदर उचलला आणि मागल्या वाटेने धावत, मंडळींच्या आधी घंटेपाशी आला. नवा दोर लोंबत होता, पांढराशुभ्र. दान्या शिळेवर चढला, दोर घंटेपासून सोडला आणि खाली अंगणात बसून त्याचा पीळ उकलायला लागला. त्याच्या डोक्यात सरळ हिशोब होता. यातला एक पदर काढायचा, आपला घालायचा, दोर परत टांगायचा.

पण दोराचा हिशोब तसा नसतो. तीन पदर एकमेकांच्या पिळावर उभे असतात. एक निघाला की उरलेले दोन आपला पीळ सोडतात, वेटाळतात, सापासारखे अंग आखडतात. दान्याने एक धरला तर दुसरा सुटला. आणि वळायचं म्हटलं तर टोकाला खुंटा हवा, पदरागणिक पीळ भरणारा माणूस हवा, आणि तिन्ही पदर वेगळे धरून मागे मागे चालणारा जाणता हवा. हे सगळं तो पाळण्यात असल्यापासून बघत आला होता. त्या घडीला एवढंही त्याला आठवलं नाही.

पूर्वेला तांबडं फुटलं आणि मंडळी गात गात अंगणात आली. गाणं जागच्या जागी थांबलं. घंटा उघडी, आणि तिच्याखाली गावाच्या दोराची गुंतवळ घेऊन दान्या बसलेला.

शहरातून आलेले पाळकसाहेब देवळाच्या दारात येऊन उभे राहिले. लांबच्या वस्त्यांवर दारादारांत कंदील दिसत होते, पण एकही हलत नव्हता. सगळे घंटेची वाट पाहत होते.

सोनामावशीने कमरेवर हात ठेवले.

"दोर उसवाया एक गाढव बास हुतं, बाबा. वळाया चार माणसं लागत्यात."

दोघंचौघं हसली, मग मल्हारीबाबांचा चेहरा पाहून थांबली. म्हाताऱ्याने आयुष्यात कुणाचा वळलेला दोर उकललेला पाहिला नव्हता.

"माझी कारभारीण गयाबाई गेली तवा तू जन्मला बी नव्हतास," ते म्हणाले. "माझ्या दारावरनं मंडळी अशीच गप गेली. म्या दार लावून बसलो. राहिलो का न्हाई?"

दान्याने वर पाहिलं.

"राहिलात, बाबा. पण कसं राहिलात?"

मल्हारीबाबांनी मान वळवून उघड्या घंटेकडे पाहिलं. आणि ज्या पोराला घरी शेळीपुढे प्रार्थनेचे शब्द आले नव्हते, त्याला तिथे आले.

"दूत पयल्यांदा कुणाकडं आला? लग्नाच्या घरी गेला का? मांडवात गेला का? रानात, थंडीत, अंधारात बसलेल्या माणसांकडं आला. अक्कानं मला दरसाल हेच सांगितलं. आमच्या घरात आज सगळ्यात जास्त अंधार हाय. मग पयली बातमी आमची. तुमी आमच्याच दारावरनं गप कसं जाता?"



मग माणसं बाजूला सरली. मागून केरू येत होता. पोरगा धावत गेल्याचं त्याला कळलं होतं. त्याने कूस बदलली, तर खुंट्यापाशी पणती जळत होती आणि शेळी भाकर खात होती. सगुणा गेल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. आता अंगावर घोंगडी तशीच, डोक्याला काही नाही, असा तो गर्दीतून पुढे आला, खाली वाकला आणि गुंतवळीतून तो हिरवा पदर बरोबर वेगळा काढला. त्याचं टोक त्याने शिळेला बांधलं.

"पोरीचा पदर हाय," तो म्हणाला. "धरा."

पहिली हलली सोनामावशी. लुगड्याचा पदर खोचून आली आणि एका पांढऱ्या पदराला पीळ भरायला लागली. दुसरा दान्याने धरला. हिरवा केरूच्याच हाती होता. राहिला मधला माणूस, तिन्ही पदर वेगळे धरून मागे चालणारा. ते काम त्या मंडळीत एकाच्याच हातचं होतं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

मल्हारीबाबा उभे होते. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून पायरीवर ठेवलं आणि मध्ये येऊन उभे राहिले. म्हणाले ते एवढंच, की हिरव्याला पीळ जरा जास्त भर केरू, त्याला सवय न्हाई.

दोर वळला जात होता तेव्हा दिवस वर आला. सोनामावशीने हात चालवता चालवता भजन धरलं, हळूहळू बाकीच्यांनी ते उचललं. केरूच्या दारात जे पद गायचं राहिलं होतं, तेच. केरूच्या डोळ्यांना धार लागली होती, पण हातचा पीळ त्याने सैल होऊ दिला नाही.

दोर टांगला. आता पहिला टोला कुणी द्यायचा? दरसाल तो मान मल्हारीबाबांचा. पण त्यांनी दोर दान्याच्या हातात दिला आणि बाजूला झाले.

दान्याने दोर धरला. ज्यासाठी एवढं केलं, ते हातात आलं होतं. ओढायचं तेवढं बाकी होतं. पण सांगणारे सांगतात की उतावळा दान्या जन्मात पहिल्यांदा थांबला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि दोर त्याच्यापुढे केला.

"बाबा, आधी तुमी. तुमची बातमी लई वर्सं राहिलीय."

मल्हारीबाबांनी मान हलवली, नको म्हणाले. दान्या दोर पुढे करून तसाच उभा राहिला. शेवटी त्यांनी दोर मुठीत घेतला आणि घेताच हात आखडला.

"टोचतोय रं."

"टोचू द्या, बाबा."

मग त्यांनी घंटा वाजवली. त्यांच्या मागून केरूने, आणि सगळ्यात शेवटी दान्याने.

वस्त्यांवरचे कंदील हलले. उन्हात ते आता नुसते ठिपके दिसत होते, पण हलले. घंटेचा आवाज त्या दिवशी ओढा ओलांडून पलीकडच्या डोंगराला लागून परत आला म्हणे, पूर्वी कधी आला नव्हता. कोणी म्हणतं दोर ताठ होता म्हणून, कोणी म्हणतं हवा कोरडी होती म्हणून. शांतवनबाबा यावर काही बोलत नाहीत. एवढंच सांगतात, की पुढच्या पावसाळ्यात त्या दोराचे पांढरे पदर कुजून गळाले आणि हिरवा तेवढा लोंबत राहिला.

त्या सालापासून शेरकुंभ्यात रीत बदलली. मंडळी दोनच पदर वळून ठेवतात. तिसऱ्याची जागा रिकामी असते. वर्षात ज्या घरचं माणूस गेलं, त्या घराने आपला वाख आणायचा, आणि तो मुद्दाम वेळेआधी, हिरवा असतानाच काढायचा. नाताळच्या पहाटे सगळ्यांच्या देखत दोर पुरा होतो आणि पहिला टोला त्या घराचा. एखाद्या वर्षी कुणीच गेलं नाही तर काय करता, असं पाहुणे विचारतात. शांतवनबाबा म्हणतात, मग जुन्या दुःखाचं घर शोधतो. ते शोधायला लांब जावं लागत नाही.

आजही नाताळचं भजन शेरकुंभ्यात दुखवट्याच्या दारापासूनच सुरू होतं. दार बंद असेल तर कोणी ठोठावत नाही, हाका मारत नाही. मंडळी ओट्यावर बसतात आणि गात राहतात. कधी दार लगेच उघडतं, कधी पद संपतासंपता. एका वर्षी एका घरचा तरणा मुलगा गेला होता. त्या दाराला कडी पडली ती ऊन माथ्यावर आलं तरी निघेना. पाळकसाहेब खोळंबले, पोरं भुकेली झाली, ढोलकीवाल्याचे हात भरून आले. कोणी उठलं नाही. सगळी मंडळी तिथेच बसून गात होती, आणि तोवर घंटाही वाजली नाही.

म्हणून आजही नाताळच्या सकाळी घंटेला उशीर झाला, तर लांबच्या वस्त्यांवरची माणसं काळजी करत नाहीत. नवे कपडे घालून दारात उभी राहतात आणि पोरांना सांगतात: थांबा जरा, शेरकुंभ्यात अजून एक दार उघडायचंय.